फ्रिजवरच्या चिठ्ठीचे भाष्य

उपोद्घात

लीड्सहून तू पाठवलेला चिठ्ठीचा फोटो मिळाला. फ्रिजच्या दारावर, लोहचुंबकाखाली, घरमालकिणीच्या हातच्या सात ओळी. सोबत तुझा प्रश्न: "सर, शब्द एकूण एक कळतात. पण मी घरी थांबायचं की नाही? तिसऱ्या ओळीत थांब म्हणते, सातव्या ओळीत थांबू नकोस म्हणते."

प्रश्न नेमका आहे, म्हणून उत्तरही नेमके हवे. भाष्याची पहिली अट अशी की, पाठ विसंगत आहे असे आधी मानायचे नाही. आपले वाचन अपुरे आहे असे धरून चालायचे. तेव्हा प्रथम पाठ उतरवून घेऊ.

१. आय मस्ट गो टु सी माय सिस्टर.
२. द प्लंबर मे कम. लेट हिम वर्क.
३. आयड लाइक यू टु वॉच हिम डू इट.
४. ही इज ईझी टु टॉक टु.
५. ही मे हॅव फर्गॉटन टु ब्रिंग हिज टूल्स.
६. कुड यू आस्क हिम टु रिंग मी?
७. यू मस्टन्ट पे हिम, अँड यू नीडन्ट स्टे इन इफ यू डोन्ट वॉन्ट टु.

परिभाषा

'मोडल' म्हणजे कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड, मस्ट ही नऊ क्रियापदे. 'नीड' कधी यांच्या पंक्तीला बसते, कधी साध्या क्रियापदांच्या. शक्यता, परवानगी, सक्ती, इच्छा या छटा दाखवणे हे मोडलचे काम.

'तुमंत' म्हणजे शाळेत ज्याला इन्फिनिटिव्ह म्हणतात ते. संस्कृतातल्या कर्तुम्, गन्तुम् यांच्या शेवटच्या 'तुम्'वरून हे नाव पडले. तुमंत हे क्रियेचे नुसते नाव. त्याला पुरुष नाही, वचन नाही. इंग्रजीत त्याची दोन रूपे आहेत. 'टु गो' हे टु-तुमंत. नुसते 'गो' हे कोरे तुमंत.

सर्वनामांचीही दोन रूपे. आय, ही, शी, वी, दे ही कर्त्याची. मी, हिम, हर, अस, देम ही कर्माची. इंग्रजीतला 'मी' म्हणजे मराठीतला 'मला', हे विसरू नकोस. 'यू' आणि 'इट' यांची दोन्ही रूपे सारखीच दिसतात. त्यांचा त्रास पुढे होणार आहे.

आता वाचनाची रीत. मराठीत 'जातेस' या एका शब्दात पुष्कळ कळते: जाणारी तू आहेस, एकटी आहेस, स्त्री आहेस. इंग्रजी 'गो' यातले काहीच सांगत नाही. मोडलही सांगत नाही. ते सर्व पुरुषांना सारखेच. याचा अर्थ, 'कोण?' या प्रश्नाचे उत्तर सर्वनामाजवळच शोधावे लागते, आणि ते सर्वनाम कधी लांब उभे असते, कधी भलत्याच वेषात असते. म्हणून प्रत्येक तुमंतापाशी थांब आणि विचार: ही क्रिया करणार कोण?

ओळ १: आय मस्ट गो टु सी माय सिस्टर

अर्थ: मला बहिणीला भेटायला गेलं पाहिजे. 'सी' म्हणजे इथे पाहणे नव्हे, भेटणे.

कोण? जाणार 'आय', भेटणारही 'आय'. मध्ये दुसरे सर्वनाम आलेले नाही, म्हणून कर्ता बदललेला नाही.

'मस्ट'पुढे 'गो' कोरे आहे, 'गो'पुढे 'टु सी' आहे. असे का? हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तुमंताला स्वतःचा प्रत्यय होता आणि मोडलपुढे ते तसेच येई. 'टु' हे मुळात दिशा दाखवणारे अव्यय, म्हणजे '-कडे'. हेतू सांगायचा असेल तेव्हा ते तुमंताआधी लागे. पुढे प्रत्यय झिजला, 'टु' राहिले. याचा अर्थ, 'मस्ट गो'मध्ये 'टु' गाळलेले नाही. ते तिथे कधी नव्हतेच. 'ही कॅन टु गो' असे लिहिणारा जुन्या घराला नवे दार पाडतो.

मराठीत हेच दिसते. 'बहिणीला भेटायला' हे दोन शब्द शेजारी ठेव. एकात नामाला 'ला', दुसऱ्यात क्रियेला 'ला'. दोन्हीकडे रोख दाखवणारा एकच प्रत्यय. शिवाय आपल्याकडेही तुमंताची दोन रूपे आहेत: 'करू' आणि 'करायला'. 'करू शकतो', 'करू दे' यांत 'ला' नाही; इंग्रजीतही कॅन आणि लेट यांच्यापुढे 'टु' नाही. 'करायला सांग', 'करायला विसरला', 'करायला आवडेल' यांत 'ला' आहे. इंग्रजीतही तिथे 'टु' येते. हा ताळा पुष्कळदा जुळतो, नेहमी नाही. 'त्याला थांबायला लावलं' यात 'ला' आहे, पण इंग्रजीत 'मेक'पुढे कोरे तुमंत येते. म्हणून हा ताळा वाटाड्या समज, कायदा समजू नकोस.

'ही मस्ट' यात शेवटी 'स' का नाही? कारण 'मस्ट' हे मुळात भूतकाळी रूप आहे. अर्थ वर्तमानाचा झाला, रूप जुनेच राहिले. भूतकाळी रूपाला तो 'स' लागत नाही. कॅन, मे, शॅल यांचीही घडण अशीच. संस्कृतात 'वेद' म्हणजे 'तो जाणतो'. तेही रूपाने परोक्ष भूत, अर्थाने वर्तमान. आपले 'पाहिजे' असेच गोठलेले आहे. ते 'पाहणे'चे जुने कर्मणी रूप. आज पाहण्याशी त्याचा संबंध उरलेला नाही. या भाष्यात वारंवार येणारे 'म्हणजे'ही त्याच साच्यातले, मूळ 'म्हणिजे'. रोज वापरातले शब्दच असे गोठतात.

फरक मात्र एक मोठा आहे. मराठीत सक्ती आली की कर्त्याची विभक्ती बदलते: मी जाते, पण मला गेलं पाहिजे. इंग्रजीत 'आय'चे 'मी' होत नाही. सक्तीचा सगळा भार मोडलवर, कर्ता जिथल्या तिथे.

'मस्ट' आणि 'हॅव टु' यांत पुष्कळदा असा भेद करतात की, पहिल्यात निकड बोलणाऱ्याच्या मनातली, दुसऱ्यात बाहेरून आलेली. इथे 'मस्ट' आहे. बहीण आजारी आहे का? पाठ सांगत नाही. पाठ जे सांगत नाही ते भाष्याने सांगू नये.

ओळ २: द प्लंबर मे कम, लेट हिम वर्क

'मे'चे दोन अर्थ होतात. एक परवानगी: प्लंबरला यायला हरकत नाही. दुसरा शक्यता: प्लंबर कदाचित येईल. परवानगी ज्याला द्यायची तो चिठ्ठी वाचणार नाही. चिठ्ठी तुला आहे. म्हणून दुसरा अर्थ घ्यावा. याचा अर्थ, प्लंबर येणार हे नक्की नाही. ही गोष्ट गाठीला बांधून ठेव, शेवटी लागेल.

'लेट हिम वर्क': त्याला काम करू दे. काम करणार कोण? 'हिम'. पण 'हिम' हे तर कर्माचे रूप! इथेच विद्यार्थी अडखळतो आणि 'लेट ही वर्क' लिहितो. 'हिम'चे नाते दोन्हीकडे आहे. 'लेट'च्या बाजूने पाहिले तर ते कर्म, कारण मुभा त्याला द्यायची. 'वर्क'च्या बाजूने पाहिले तर तो कर्ता. वेष मागच्या क्रियापदाप्रमाणे, काम पुढच्या क्रियेचे. मराठीतही असेच आहे: 'त्याला काम करू दे' यात काम तो करणार, पण म्हणतो 'त्याला'.

'लेट्स गो' यातला 'स' म्हणजे 'अस'. तिथे 'चला, जाऊ या' असा अर्थ. सुटे करून 'लेट अस गो' म्हटले तर 'आम्हाला जाऊ द्या' असाही अर्थ निघतो. एका अक्षराच्या जोडणीवर सूचना आणि विनवणी यांतला फरक अवलंबून आहे.

ओळ ३: आयड लाइक यू टु वॉच हिम डू इट

ही ओळ चिठ्ठीचा कणा आहे. इथे सावकाश चालू.

पदच्छेद. 'आयड' म्हणजे 'आय वुड' की 'आय हॅड'? 'हॅड' असते तर पुढे 'लाइक्ड' आले असते. पुढे कोरे 'लाइक' आहे, म्हणून 'वुड'च. मोडल असा एका अक्षरात लपतो तेव्हा त्याची ओळख पुढच्या तुमंताच्या रूपावरून पटते.

अन्वय. 'वुड'ने 'लाइक' ओढले. 'लाइक'ने 'यू टु वॉच' ओढले. 'वॉच'ने 'हिम डू इट' ओढले. तीन पायऱ्या, तीन क्रिया, तीन कर्ते. आवडणार तिला, पाहणार तू, करणार तो. मराठीत: तू त्याला ते काम करताना पाहिलंस तर मला आवडेल.

पूर्वपक्ष. 'लाइक'च्या पुढे लगेच 'यू' आहे. मग 'यू' हे 'लाइक'चे कर्म, म्हणजे तिला तू आवडशील, असे का नाही?

उत्तर. दोन कसोट्या लाव. पहिली: तिला काय हवे ते वेगळे काढून सांग. 'व्हॉट आयड लाइक इज फॉर यू टु वॉच हिम.' 'तू पाहणे' ही सबंध गोष्ट एक गठ्ठा होऊन बाहेर आली. तिला हवे ते तुझे पाहणे, तू नव्हेस. दुसरी: वाक्य कर्मणी करून बघ. 'शी टोल्ड यू टु वॉच' याचे 'यू वेर टोल्ड टु वॉच' होते, कारण सांगितले ते तुलाच. 'यू वेर लाइक्ड टु वॉच' असे कोणी म्हणत नाही. म्हणजे 'टेल'पुढचे सर्वनाम 'टेल'चे खरे कर्म, 'लाइक'पुढचे तसे नाही. बाहेरून दोन्ही वाक्ये जुळ्या भावांसारखी, आतून वेगळी.

मग रूप कोणते? 'यू' दोन्हीकडे सारखे असल्याने कळत नाही. त्याच्या जागी दुसरे सर्वनाम घालून पाहा: 'आयड लाइक हर टु वॉच', 'शी' नव्हे. म्हणजे इथेही वेष कर्माचा, काम कर्त्याचे.

आता 'यू' काढून टाक: 'आयड लाइक टु वॉच हिम.' पाहणारी तू राहिली नाहीस, ती झाली. एक सर्वनाम गळले आणि कर्ता बदलला. पाणिनीने हा मुद्दा आपल्या पद्धतीने बांधून ठेवला आहे. अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायात, तिसऱ्या पादात, १५८व्या सूत्राचा आशय असा की, इच्छार्थी धातूंबरोबर तुमन्त यायचे तर इच्छा करणारा आणि क्रिया करणारा एकच हवा. संस्कृतात 'मी जेवू इच्छितो' हे तुमन्ताने सांगता येते; 'त्याने जेवावे अशी माझी इच्छा आहे' याला तुमन्त चालत नाही, वाक्य फोडावे लागते. मराठी त्याच वाटेने जाते. कर्ता एक असेल तर 'मला पाहायला आवडेल'. कर्ते दोन झाले की 'तू पाहावंस असं मला वाटतं'.

इंग्रजीने हे बंधन पाळलेले नाही. कर्ता दुसरा असला तरी त्याचे सर्वनाम मध्ये ठेवायचे आणि तुमंत तसेच चालवायचे. आपल्याकडचा विद्यार्थी 'आय वॉन्ट दॅट यू वॉच' असे लिहितो ते याचमुळे. त्याच्या 'दॅट'मध्ये आपले 'असं' लपलेले असते. चूक आळसाची नाही. मातृभाषेचा नियम प्रामाणिकपणे पाळल्याची आहे.

'हिम डू इट' यात 'टु' का नाही? सी, हिअर, वॉच अशा डोळ्याकानांच्या क्रियापदांपुढे सर्वनाम आणि त्यापुढे कोरे तुमंत येते. 'मेक'पुढेही तेच. पण कर्मणी झाले की 'टु' परत येते: 'आय सॉ हिम डू इट', पण 'ही वॉज सीन टु डू इट', 'दे मेड हिम वेट', पण 'ही वॉज मेड टु वेट'. याचा अर्थ, क्रियापद आणि तुमंत यांच्यामध्ये सर्वनाम उभे होते तोवर 'टु'ची गरज नव्हती. सर्वनाम उठून वाक्याच्या डोक्यावर गेले आणि रिकाम्या जागी 'टु' बसले.

पाठभेदाचा विचार. 'वॉच हिम डूइंग इट' असेही लिहिता आले असते. 'डूइंग' म्हणजे चालू असलेले काम मधूनच पाहणे. 'डू' म्हणजे सुरुवातीपासून शेवटापर्यंत सबंध काम पाहणे. तिने 'डू' लिहिले. म्हणजे तिची अपेक्षा पुरेपूर आहे. एकदा डोकावून जाण्याची नाही.

आता तुझ्या प्रश्नाकडे. तू म्हणतेस, या ओळीत 'थांब' म्हटले आहे. शोध पाहू, कुठे आहे? 'स्टे' हा शब्दच इथे नाही. पाहायचे तर थांबावे लागेल, हे अर्थातून निघते. शब्दात आहे ती फक्त आवड, तीही 'वुड'ने मऊ केलेली. अपेक्षा पुरेपूर, पण आज्ञा नाही.

ओळ ४: ही इज ईझी टु टॉक टु

दोन 'टु' पाहून गोंधळू नकोस. पहिला तुमंताचा. दुसरा 'टॉक'चा, म्हणजे आपला '-शी'.

कोण बोलणार? 'ही' वाक्याच्या डोक्यावर बसला आहे, म्हणून तोच बोलणारा असे वाटते. तसे नाही. बोलणारा अध्याहृत आहे: कोणीही, इथे तू. 'ही' हा ज्याच्याशी बोलायचे तो. म्हणजे दुसऱ्या 'टु'पुढची जागा त्याची. तिथून उठून तो पुढे आला आहे. म्हणून शेवटी पुन्हा 'हिम' घालायचे नाही. घालायचेच असेल तर डोक्यावर 'इट' बसव: 'इट इज ईझी टु टॉक टु हिम.' एक माणूस दोन खुर्च्यांवर बसत नाही.

'ईझी' काढून 'ईगर' घाल: 'ही इज ईगर टु टॉक.' आता बोलणारा तोच. बोलायला उतावीळ झालेला. सांगाडा तोच, कर्ता उलटा. नोम चॉम्स्की यांनी १९६०च्या दशकात 'ईझी' आणि 'ईगर' यांच्या अशाच जोडीवर बोट ठेवले आणि वाक्याचे दिसणारे रूप व आतली रचना यांतला फरक तिच्यावरून दाखवला.

मराठीला ही रचना परकी नाही. 'हे पोर सांभाळायला अवघड आहे' यात सांभाळणारे पोर नव्हे. सांभाळायचे ते पोर. पण '-शी' लागत असेल तिथे मराठी अशी उडी मारत नाही. 'तो बोलायला सोपा आहे' म्हटले की कान खटकतो. 'त्याच्याशी बोलणं सोपं आहे' असेच म्हणावे लागते.

ओळ ५: ही मे हॅव फर्गॉटन टु ब्रिंग हिज टूल्स

अर्थ: तो आपली हत्यारे आणायला विसरला असेल.

'मे'पुढे कोरे 'हॅव' आहे, 'हॅज' नाही. कर्ता 'ही' असला तरी मोडलपुढे 'हॅव'च. कानाला हे 'मे अव्ह' असे ऐकू येते. म्हणून खुद्द इंग्रजी मातृभाषा असलेली माणसेही 'शुड ऑव्ह' लिहून बसतात. तू त्यांचे अनुकरण करू नकोस.

काळ कुठे आहे? मोडलला भूतकाळात नेण्याची सोय इथे नाही, म्हणून भूतकाळ तुमंताच्या पोटात घातला: 'हॅव फर्गॉटन'. मराठीत उलटे. 'विसरला' यात क्रिया आधी पुरी होते आणि 'असेल' यात शंका मागून येते. तसेच 'यू शुड हॅव टोल्ड मी' म्हणजे 'तू मला सांगायला हवं होतंस'. आपण भूतकाळ 'होतंस'मध्ये ठेवतो, ते 'हॅव टोल्ड'मध्ये ठेवतात.

शंका: चिठ्ठी लिहिताना प्लंबर आलेलाच नाही, मग तो 'विसरला' हे भूतकाळात कसे? दोन वाचने शक्य आहेत. एक, लिहिण्याच्या क्षणी तो विसरून बसला असेल. दोन, तो दारात उभा राहील त्या क्षणापर्यंत विसरलेला असेल. 'मे हॅव' दोन्ही पेलते. हत्यारे आणण्याची वेळ म्हणजे येण्याची वेळ. म्हणून दुसरे वाचन सरस.

'टु ब्रिंग' करणार तोच. कारण मध्ये सर्वनाम नाही. आणि ही क्रिया घडलेलीच नाही. 'फर्गेट टु' म्हणजे करायचे राहून गेले. 'फर्गेट'पुढे 'ब्रिंगिंग' आले असते तर अर्थ उलटला असता: आणले, पण आणल्याची आठवण उरली नाही.

ओळ ६: कुड यू आस्क हिम टु रिंग मी?

'रिंग' म्हणजे इथे फोन करणे. ब्रिटनमधला रोजचा शब्द.

'आस्क' म्हणजे विचारणे, असे पाठ करून ठेवले असशील. 'आस्क हिम टु' म्हणजे विचारणे नव्हे. त्याला करायला सांगणे, विनंती करणे. 'मला फोन करायला सांगशील का त्याला?' हा अर्थ. फोन करणार तो. सर्वनाम गाळून 'आस्क टु रिंग मी' केलेस तर फोन करणारी तू झालीस आणि त्यासाठी तू परवानगी मागणार. तिसऱ्या ओळीतला नियम इथे पुन्हा लागू पडला.

'कुड' हे 'कॅन'चे भूतकाळी रूप. 'कॅन'चा मूळ अर्थ जाणणे. संस्कृत ज्ञा, मराठी जाणणे यांच्याशी त्याचे मूळ एकच. पण या ओळीत भूतकाळ कुठेच नाही. मग 'कुड' का? काळाचे अंतर इथे अदबीचे अंतर झाले आहे. आपण आदर सर्वनामात ठेवतो: तू, तुम्ही, आपण. इंग्रजीतही एके काळी एकेरीला 'दाऊ' आणि अनेकवचनी-आदरार्थी 'यी' असे दोन होते. 'यू' हे त्या 'यी'चे कर्मरूप. ते कर्मरूप कर्त्याच्या जागी येऊन बसले, मग एकेरीचीही जागा घेतली. तुझे लीड्स यॉर्कशरमध्ये येते. तिथल्या जुन्या माणसांच्या बोलीत 'दी' आणि 'दा' कधी कानावर पडले तर दचकू नकोस, ती त्या 'दाऊ'ची शिल्लक. प्रमाण इंग्रजीत मात्र सगळ्यांना एकच 'यू'. याचा अर्थ, आदर दाखवायला सर्वनाम उरले नाही, आणि ते काम मोडलकडे आले. 'आस्क हिम' म्हणजे 'सांग त्याला'. 'कॅन यू' जरा मऊ. 'कुड यू' म्हणजे 'सांगशील का जरा'. रूपाने हा प्रश्न आहे, पण उत्तर 'येस, आय कुड' असे देऊन गप्प बसायचे नाही; काम करायचे.

ओळ ७: यू मस्टन्ट पे हिम, अँड यू नीडन्ट स्टे इन इफ यू डोन्ट वॉन्ट टु

ओळीत मोडलचे दोन नकार आहेत, आणि दोघांची नजर वेगळीकडे आहे.

'मस्टन्ट पे' यात नकार 'पे'वर पडतो. सक्ती आहेच, पण न देण्याची. म्हणजे: त्याला पैसे द्यायचे नाहीत. 'नीडन्ट स्टे' यात नकार सक्तीवर पडतो. थांबण्याला बंदी नाही. बंधन तेवढे नाही. म्हणजे: थांबायलाच हवं असं नाही. मराठीतला हा भेद 'थांबू नकोस' आणि 'थांबायची गरज नाही' यांतला. तू सातव्या ओळीचा अर्थ 'थांबू नकोस' असा केलास. तो 'मस्टन्ट स्टे'चा अर्थ झाला. तुझा सगळा घोटाळा या एका ठिकाणी आहे.

'नीडन्ट'पुढे 'स्टे' कोरे आहे, कारण 'नीड' इथे मोडलच्या पंक्तीत आहे. 'यू डोन्ट नीड टु स्टे' म्हटले तर तेच क्रियापद साधे झाले, म्हणून 'टु' आले. अर्थात फरक नसल्यातच जमा. 'स्टे इन' म्हणजे घरातच राहणे, बाहेर न पडणे.

शेवटचा 'टु' लोंबकळत आहे असे वाटते. त्याच्यापुढचे 'स्टे इन' गाळले आहे, कारण ते आधी येऊन गेले. क्रिया गाळता येते. तिची जागा राखायला 'टु' मात्र ठेवतात. मोडलला तेवढीही गरज नाही: 'येस, आय कॅन' एवढ्यावर भागते, कारण तिथे मुळातच 'टु' नव्हते. पहिल्या ओळीवरचे इतिहासाचे बोलणे इथे उपयोगी पडले.

थांबायचे नसणारी कोण? 'वॉन्ट' आणि 'टु' यांच्यामध्ये सर्वनाम नाही. म्हणजे इच्छा तुझी, थांबणेही तुझे. 'इफ यू डोन्ट वॉन्ट मी टु' असे असते तर थांबण्याचा प्रश्न तिचा झाला असता.

समन्वय

आता तिसरी आणि सातवी ओळ समोरासमोर ठेव.

तिसरीत 'वुड लाइक' आहे: तू सबंध काम पाहिलेस तर तिला आवडेल. सातवीत 'नीडन्ट' आहे: तुझ्यावर तसे बंधन नाही. आवड आणि बंधन या दोन वेगळ्या गोष्टी. एक सांगून दुसरी नाकारता येते, आणि सभ्य माणूस पुष्कळदा तसेच करतो. विरोध तेव्हा झाला असता, जेव्हा तिसरीत 'यू मस्ट वॉच' असते, किंवा सातवीत 'यू मस्टन्ट स्टे' असते. दोन्ही नाहीत.

शिवाय दुसऱ्या ओळीतला 'मे' आठव. प्लंबर येईलच असे नाही. जो कदाचित येईल त्याच्यासाठी तुला दिवसभर घरात कोंडून ठेवणे तिला बरे वाटले नाही. सातव्या ओळीतली मुभा दुसऱ्या ओळीतल्या शंकेतून आली आहे. पैशांच्या बाबतीत मात्र तिने मऊ शब्द वापरला नाही. 'आयड लाइक यू नॉट टु पे' असे तिला लिहिता आले असते. तिने 'मस्टन्ट' लिहिले. पैसे का द्यायचे नाहीत ते पाठात नाही. देऊ नयेत एवढे पक्के आहे.

म्हणून उत्तर असे. थांबलीस तर तिला बरे वाटेल. नाही थांबलीस तर तिला बोलायला जागा नाही. थांबलीस आणि तो आला, तर त्याला काम करू दे, काम पाहा, तिला फोन करायला सांग. पैसे देऊ नकोस.

भाष्य नेहमी उशिरा पोचते. हे तू वाचशील तोवर प्लंबर येऊन गेला असेल. 'गेला असेल' याचे इंग्रजी तू स्वतः कर, आणि 'हॅव'पुढे काय येते ते मला लिहून पाठव.